पेअरला फुलं भरपूर, फळ एकही नाही : आधी तारीख बघा

एप्रिलमध्ये झाड पांढरंशुभ्र, मेमध्ये वाटाण्याएवढी फळं, आणि जून संपता संपता फांद्या रिकाम्या. इंग्लंडात परसात पेअर, म्हणजे आपली नासपती, लावलेली जी मराठी घरं मला माहीत आहेत, त्यातल्या बहुतेकांची हीच तक्रार आहे. आमच्याकडे रेडिंगला २०२० ते २०२३ सलग चार वर्षं फळ हाती आलं नाही. या चार वर्षांत मी एकच आजार धरून बसले होते आणि प्रत्यक्षात आजार तीन होते. उलगडा झाला तो कुठल्या औषधाने नाही. फळ नेमकं कोणत्या आठवड्यात गेलं हे वहीत लिहायला लागले, तेव्हा झाला. म्हणून कोणी विचारलं की "आमच्या पेअरला फळ का धरत नाही?", तर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो : "गेलं कधी?"

आधी आमच्या झाडाबद्दल थोडं सांगते, म्हणजे तुमच्या झाडाशी ताडून बघता येईल. परस लहान आहे, साधारण पंचवीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद. जात विल्यम्स. ही जात निवडण्यामागे थोडी भावना होती, कारण हे फळ मूळचं आमच्याच भागातलं. रेडिंगपासून जवळ आल्डरमास्टन नावाचं गाव आहे. तिथे १७७० च्या सुमारास एका शाळामास्तरांच्या बागेत हे झाड पहिल्यांदा सापडलं. अमेरिकेत याच फळाला बार्टलेट म्हणतात, त्यामुळे न्यू जर्सीकडच्या मंडळींनीही हे खाल्लेलं असणार. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही ते उघड्या मुळांचं रोप आणून लावलं. कलम 'क्विन्स ए' या खुंटावर आहे, म्हणजे खालचा मुळांचा भाग क्विन्स या पेअरच्या नात्यातल्या दुसऱ्या फळझाडाचा. लहान बागेत हा खुंट फार महत्त्वाचा, कारण त्यावर झाड दहा ते पंधरा फुटांवर थांबतं आणि तीन-चार वर्षांत फुलायला लागतं. पेअरच्याच खुंटावर कलम असेल तर झाड घराच्या वर जातं आणि फळासाठी फार वर्षं थांबावं लागतं. विल्यम्सचं क्विन्सशी थेट जुळत नाही, मध्ये दुसऱ्या जातीचा तुकडा घालून दुहेरी कलम करतात. नर्सरीत घेताना हे विचारून घ्या.

 फोनवर आईला "पेअर लावलंय" म्हटलं तर ती बरेच दिवस पेरूच समजत होती. पोर्तुगीज भाषेत नासपतीला 'पेरा' म्हणतात आणि गोव्यात पेरूला 'पेर', त्यामुळे तिचा गैरसमज अगदीच उगाच नव्हता. समजल्यावर तिने लगेच बिया मागवल्या, पुण्यात गॅलरीत लावायला. तिला नाही म्हणावं लागलं. बी लावून मूळ जातीचं फळ मिळत नाही, आणि या युरोपी जातींना हिवाळ्यात कित्येक आठवडे थंडी लागते. ती मिळाली नाही तर फांदीवरचे डोळे, म्हणजे पानाफुलांचे कोंब, नीट फुटतच नाहीत. भारतात नासपती होते ती काश्मीर, हिमाचल, निलगिरीच्या थंड भागांत. पंजाबात होते ती पत्थरनाख ही वेगळी, कमी थंडीवर भागणारी जात.

आता तारखांकडे वळू.

फुलं देठासकट गळाली : एप्रिल अखेर ते मेचा पहिला आठवडा

पाकळ्या गळून गेल्यावर देठाच्या टोकाला काहीच फुगलं नाही, देठ पिवळा पडला आणि बोट लावताच सुटून आला, तर फळ धरलंच नव्हतं. याला मुख्यतः दोन कारणं असतात आणि ती ओळखायला फूल उलगडून आत बघावं लागतं.

पहिलं कारण, जोडीदार नाही. आमचं २०२० साल यात गेलं. विल्यम्स एकट्याच्या भरवशावर फारच थोडं फळ धरतं. त्याला त्याच दिवसांत फुलणारं दुसऱ्या जातीचं पेअर जवळ लागतं. सफरचंदाचं झाड शेजारी असून भागत नाही, पेअरला पेअरच हवं. त्यातही सगळ्या जोड्या जमत नाहीत. विल्यम्स आणि लुईस बॉन ऑफ जर्सी एकमेकांना चालत नाहीत, तसंच कॉमिस आणि ऑनवर्ड यांचं. लेबलवर दोन्ही एकाच सुमारास फुलणारी म्हणून लिहिलेली असली तरी फळ धरत नाही. ही गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे. आम्ही त्या वर्षी शरद ऋतूत कॉन्फरन्स जातीचं एक झाड कुंपणालगत, एकच सरळ खोड ठेवून तिरपं वाढवायला लावलं. त्याला जागा लागते जेमतेम अडीच फूट. कॉन्फरन्स विल्यम्सबरोबरच फुलतं, आणि जोडीदार नसला तरी थोडंफार फळ धरतं. तशी एकट्याने धरलेली फळं लांबुडकी, केळ्यासारखी होतात आणि आत बी नसतं. एकच झाड लावायला जागा असेल तर माझं मत कॉन्फरन्सच्या बाजूने आहे, विल्यम्सवर माझा जीव असला तरी.

जोडीदार झाड अजून लहान असेल, तर एक युक्ती चालते. ओळखीच्यांकडून दुसऱ्या जातीच्या फुललेल्या दोन-चार डहाळ्या आणायच्या, बादलीत पाण्यात उभ्या करायच्या आणि बादली झाडाला टांगायची. मधमाशा बाकीचं करतात. मात्र पेअरच्या फुलातला मध पातळ असतो, साखर कमी. शेजारी डँडेलियन हे पिवळ्या फुलांचं तण फुललेलं असेल तर मधमाशी तिकडे वळते. म्हणून आमच्याकडे दुपारी ऊन असेल तेव्हा मुलगा रंगकामाचा मऊ ब्रश घेऊन एका झाडाच्या फुलांवरून दुसऱ्या झाडाच्या फुलांवर फिरवतो. झाड लहान आहे तोवर हे अर्ध्या तासाचं काम.

दुसरं कारण, गारठा. पेअर सफरचंदाच्या आधी फुलतं, त्यामुळे एप्रिलच्या गोठणाऱ्या रात्रींच्या तावडीत ते आधी सापडतं. उमललेलं फूल उणे दोन अंशांच्या आसपास जातं. २०२१ चा एप्रिल आठवतो का? ब्रिटनमध्ये नोंदी सुरू झाल्यापासून इतक्या गोठलेल्या रात्री कुठल्याच एप्रिलमध्ये झाल्या नव्हत्या. त्या महिन्यात आमचं झाड बाहेरून इतकं देखणं दिसत होतं की मी त्याचे फोटो घरी पाठवले. पाकळ्या पांढऱ्या, ताज्या, काही झाल्याचं चिन्ह नाही. महिनाअखेर मी एक फूल नखाने उभं चिरलं. बरोबर मधोमध, जिथे हिरवट नाजूक दांड्या उभ्या असतात, तिथे शाईचा ठिपका पडावा तसं काळं झालं होतं. दुसरं फूल चिरलं, तेही तसंच. सगळा मोहर आतून मेलेला होता आणि बाहेरून हसत होता. त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पाहणी म्हणून हीच : फुलाचा मध्य हिरवा असेल आणि तरी फळ धरलं नाही, तर जोडीदाराचा प्रश्न. मध्य काळा असेल, तर गारठ्याचा. गारठ्यावर उपाय पांढऱ्या फ्लीसचा, म्हणजे झाडांवर पांघरायच्या हलक्या कापडाचा. रात्रीचं तापमान शून्याच्या खाली जाणार असं कळलं की संध्याकाळीच दुहेरी फ्लीस पांघरायचं आणि सकाळी न विसरता काढायचं, नाहीतर मधमाशा आत कशा येणार? कापड फुलांना चिकटू देऊ नका, चार बांबू रोवून त्यावर टाका. झाड अजून लावायचंच असेल तर उताराच्या तळाशी, कुंपणाला लागून जिथे थंड हवा साचते, तिथे लावू नका.

फळं फुगली, काळी पडली, गळाली : मेचा मध्य ते जूनचा मध्य

२०२२ मध्ये दोन्ही झाडं जोडीने फुलली, गारठा पडला नाही, फळं इतकी धरली की मोजता येईनात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात काही फळं इतरांपेक्षा भराभर वाढायला लागली. मला आनंद झाला. ही पुढे गेलेली फळं, हीच टिकणार, असं वाटलं. महिनाअखेर तीच काळी पडली आणि टपटप गळाली. त्यांच्या मागोमाग बाकीचीही. त्या जुलैत इथे उष्णतेची लाट आली, लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले, आणि मी सगळं खापर उन्हावर फोडून मोकळी झाले. वही ठेवली असती तर तेव्हाच कळलं असतं की लाट १९ जुलैची आणि आमची फळं गेली जूनच्या पहिल्या आठवड्यात.

२०२३ मध्ये पुन्हा तेच. त्या वर्षी मी पाणी वाढवलं, कंपोस्ट घातलं. नर्सरीतून एक कीटकनाशकही आणलं. फळ लागल्यावर फवारा, असं तिथे सांगितलं होतं. फवारलं. एकही फळ वाचलं नाही. फवारा सालीवर पडतो, आणि शत्रू सालीच्या आत बसलेला होता, हे मला ठाऊकच नव्हतं.

२०२४ च्या मेमध्ये झाडाखालचं एक काळं पडू लागलेलं फळ मी स्वयंपाकघरात आणलं आणि पोळपाटावर ठेवून पातळ सुरीने उभं कापलं. बोराच्या आठळीएवढं असेल. चांगलं फळ निमुळतं असतं, हे मात्र गोल, टपोरं. खालच्या बाजूला, जिथे वाळलेल्या फुलाचा चुरा चिकटलेला असतो, तिथून काळपटपणा वर चढत होता. सुरी आत गेली ती कुठे अडलीच नाही. गराच्या जागी पोकळी होती, ओलसर काळा भुगा, आणि त्यात दोन-तीन मिलिमीटरच्या पिवळट पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. भाताच्या कणीएवढ्या. सुरीच्या टोकाने एकेक बाजूला घेऊन मोजल्या, सतरा भरल्या. एका फळात सतरा.

फोटो काढून मी रत्नागिरीला मामांना पाठवला. त्यांची हापूसची कलमं आहेत. पेअरचं झाड त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नाही. फोटो पाहून त्यांनी लगेच फोन केला.

"अगो, ही मिजमाशी असणार. आमच्याकडे मोहरावर पडते ना, तिचीच कोणीतरी बहीण. फळ गळल्यावर अळी कुठे जाते बघितलंस?"

"नाही मामा. मी गळलेली फळं तशीच खाली राहू दिली."

"मग तूच सांभाळलीस की तिला. ती मातीत शिरते आणि तिथेच कोष करते. झाडावर औषध मारून काय उपयोग? झाडाखाली बघ."

मामांचं अगदी बरोबर निघालं. पेअरच्या या किडीला इथे पेअर मिज म्हणतात आणि ती आंब्याच्या मिजमाशीच्याच कुळातली आहे. कोकणात ही माशी मोहरावर आणि कोवळ्या पालवीवर पडते, तिची अळी खाली मातीत जाते, म्हणून बागायतदार झाडाखालची जमीन उकरून ठेवतात किंवा प्लॅस्टिक अंथरतात, म्हणजे अळीला माती सापडत नाही. इथलं चक्रही तसंच. माशी डासासारखी, पण जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, दिसतही नाही. कळी उमलायच्या आधी, तिची पांढरी कड नुकती दिसायला लागते तेव्हा ती आत अंडी घालते. अळ्या कोवळ्या फळात शिरतात. त्यांच्या तिथे असण्यानेच फळ वेड्यासारखं फुगतं. मे अखेर ते जूनमध्ये फळ तडकतं किंवा गळतं, अळ्या मातीत जातात, वरच्या दोन-तीन इंचांत कोष करून हिवाळा काढतात आणि पुढच्या एप्रिलला झाड फुलायच्या वेळी बरोबर बाहेर येतात. वर्षातून एकच पिढी. त्यांच्या या चक्रात दोन ठिकाणी हात घालता येतो : फळात असताना आणि मातीत असताना.

आम्ही जे केलं ते असं. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं झाडापाशी. प्रत्येक घोस बघायचा. शेजारच्या फळांपेक्षा जे मोठं, गोल, फुगलेलं दिसेल ते खुडायचं. पहिल्या दिवशी हात धजत नाही, कारण तेच फळ सगळ्यात छान दिसत असतं. शंका आली तर एक कापून बघा, मग मन घट्ट होतं. खुडलेली फळं झाकणाच्या डब्यात, वर उकळतं पाणी. कंपोस्टमध्ये टाकू नका, तिथे अळीला हवी तशी मऊ जागा आयती मिळते.

त्याच वेळी झाडाखाली ताडपत्री अंथरली, खोडापर्यंत चीर देऊन, फांद्यांच्या घेराच्या थोडी बाहेरपर्यंत. चिरीच्या कडा एकावर एक चढवून दगड ठेवले. आधी जुनी चादर टाकून पाहिली होती, पण पावसात ती भिजून मातीला चिकटते आणि कडेने अळ्यांना वाट मिळते. ताडपत्रीवर पाणी साचतं हा त्रास आहेच. दर दोन दिवसांनी ती उचलून पडलेली फळं गोळा करायची आणि आळ्यात पाणी द्यायचं. जूनच्या अखेरीस काढून घेतली.

२०२४ मध्ये मी दोन आठवड्यांत एकशे चाळीस फळं खुडली. घरच्यांना वाटलं, हिने झाडच बोडकं केलं. उरली अकरा, आणि अकराही पिकली. आमच्या घरचं पहिलं पेअर त्या सप्टेंबरमध्ये खाल्लं. हे समजून घेतलं पाहिजे की पहिल्या वर्षीच्या खुडण्याने त्या वर्षीची फळं वाचत नाहीत. त्यांच्यात माशीने आधीच अंडी घातलेली असतात. वाचतो तो पुढच्या वर्षीचा मोहर. त्यामुळे पहिल्या वर्षी हाती फार काही लागलं नाही म्हणून सोडून देऊ नका. २०२५ मध्ये खुडावी लागली सव्वीस, आणि दोन्ही झाडांची मिळून त्रेचाळीस फळं उतरवली.

हिवाळ्यात, नोव्हेंबर ते मार्च, झाडाखालची माती खुरप्याने वरवर हलवायची, दोन इंचांच्या आतच. क्विन्सच्या खुंटाची मुळं वरवर असतात, कुदळ घातलीत तर मुळं तुटतील. माती हलवली की रॉबिन पक्षी दोन हातांच्या अंतरावर येऊन बसतो आणि माझी पाठ वळताच वेचायला लागतो. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांचं काम आणखी सोपं.

शेजारच्या आजोबांकडेही जुनं पेअर आहे. त्यांची फळंही दरवर्षी काळी पडून गळायची, आणि पेअरची फळं जूनमध्ये गळतातच अशी त्यांची समजूत होती. एका कुंपणापलीकडे माशीचं माहेर शिल्लक राहिलं तर इकडे कितीही खुडलं तरी ती येणारच. म्हणून मी त्यांना फळ कापून दाखवलं. आता त्यांच्या झाडाखालची गळ माझा मुलगा गोळा करतो. तुमच्या शेजारी पेअर असेल तर हे बोलून घ्याच.

एक सांगायचं राहिलं. झाड मोठं असेल, फळ हजारोंनी धरत असेल, तर ही माशी थोडी विरळणीच करून जाते, कोणाच्या लक्षातही येत नाही. लहान झाडावर मात्र आधीच शंभर-दीडशे फळं, ती सगळी ती घेऊन जाते. म्हणूनच हा त्रास लहान बागेत जास्त जाणवतो.

जूनच्या मध्यानंतर गळाली

गळालेलं फळ कापा. आत स्वच्छ, पांढरं, अळी नाही, देठ पिवळा, तर काळजी करू नका. झाडाला जेवढी पोसवतात तेवढीच ते ठेवतं. उलट आपणच मदत करावी, जूनच्या शेवटी दर घोसात एक किंवा दोन फळं ठेवून बाकीची काढावीत. सगळी ठेवली तर फळ लहान राहतं आणि पुढच्या वर्षी झाड रुसतं.

आत भुयार आणि तपकिरी भुगा, एकच गुलाबीसर अळी, तर ते कॉडलिंग मॉथ या पतंगाचं काम. तो सफरचंदावर जास्त, पेअरवर कमी. जुलै-ऑगस्टमध्ये कोरड्या हवेत गळत असतील तर पाण्याचा प्रश्न. क्विन्सला कोरडं अजिबात सोसत नाही. आम्ही आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन बादल्या, सावकाश आळ्यात सोडतो. रोज शिंपडून उपयोग नाही, पाणी खाली मुरलं पाहिजे.

पानांवर केशरी ठिपके बघून पुष्कळ जण घाबरतात आणि गळतीचा दोष त्यांना देतात. तो तांबेरा. जुनिपरच्या झुडपावरून वाऱ्याने येतो, पावसाळी उन्हाळ्यात जास्त. दिसायला भयंकर, पण थोडा असेल तर फळाला फारसं होत नाही. ठिपक्यांची थोडीच पानं असतील तर काढून टाका, सगळं झाड ओरबाडू नका, पानांशिवाय फळ पोसणार कोण? याच्या उलट, फुलं आणि कोवळी टोकं आगीने भाजल्यासारखी तपकिरी होऊन फांदीवरच लटकत राहिली, तर ते मात्र गंभीर. तो फायरब्लाइट नावाचा जिवाणूचा रोग. इंग्लंडात तो पहिल्यांदा १९५७ मध्ये केंट परगण्यात पेअरवरच सापडला. रोगट फांदी निरोगी लाकडात दोन फूट मागून कापा, आणि दर कापानंतर कात्री जंतुनाशकात बुडवा.

फुलंच येत नाहीत

याचं कारण बहुतेक वेळा छाटणी. लॉनबरोबर झाडालाही दर हिवाळ्यात सरसकट कात्री लावली जाते. पेअर फुलतं ते दोन वर्षं किंवा त्याहून जुन्या लाकडावरच्या आखूड गाठींवर. हिवाळ्यात हात फिरवून बघा : टपोरा, गोलसर डोळा फुलाचा, बारीक, फांदीला चिकटलेला डोळा पानाचा. टपोरे डोळे कापले गेले की त्या वर्षीचं फळ गेलं. आणि हिवाळ्यात जितकं जास्त कापाल तितकी झाड सरळ उभी कोंबं फेकतं. मर्यादेत ठेवायचं असेल तर ऑगस्टमध्ये त्या वर्षीची नवी वाढ आखूड करा. लॉनचं खत झाडाच्या मुळांवर पडू देऊ नका, त्याने नुसती पानं माजतात. फेब्रुवारीत मूठभर सल्फेट ऑफ पोटॅश हे खत पुरतं.

फळ आलं, पण आतून तपकिरी

हे शेवटचं, आणि यात फार जणांची वर्षभराची मेहनत जाते. पेअर झाडावर पिकू द्यायचं नसतं. ते आतून बाहेर पिकतं, त्यामुळे बाहेरून पिवळं झालेलं दिसेपर्यंत गाभा सडलेला असतो. आंब्यासारखंच, कच्चं उतरवून घरात पिकवायचं. विल्यम्स ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, कॉन्फरन्स सप्टेंबरच्या उत्तरार्धात. फळ तळहातावर घेऊन हलकेच आडवं करा. देठ फांदीपासून सहज सुटला तर झालं, ओढावं लागलं तर आठवडाभर थांबा.

उतरवलेली फळं फ्रिजमध्ये ठेवा आणि लागतील तशी तीन-चार बाहेर काढा. बाहेर काढल्यावर ओट्यावर केळ्याशेजारी ठेवली की लवकर पिकतात. कॉन्फरन्स फ्रिजमध्ये बरेच आठवडे राहतं, विल्यम्स टिकत नाही. पिकलं का हे पोटावर दाबून कळत नाही, तिथे मऊ लागलं म्हणजे उशीर झाला. देठाजवळ मानेपाशी अंगठ्याने हलकेच दाबायचं. तिथे जरासं दबलं की त्याच संध्याकाळी कापायचं. आम्ही गेल्या वर्षी दोन दिवस थांबलो आणि सहा फळं टाकून दिली.